पाचवी 'ब'मधली बारी

आम्ही येडगाव सोडून नारायणगावात फ्लॅट घेतला, भाड्याने, त्याला दोन कारणं होती. एक बिबट्या आणि दुसरी सूनबाईंची धाकटी बहीण. दोघांत बिबट्या स्वभावाने बरा. तो उसातून येतो, एखादं कुत्रं नेतो आणि गप्प बसतो. सूनबाईंची बहीण मंचरहून येते, आणि तिची मुलं आमच्या ओट्यावर बसून इंग्रजीत भांडतात. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या थोरल्याने माझ्या नातीला "डोन्ट टच माय बॅट" असं सुनावलं. नात म्हणाली, "घाल चुलीत तुझी बॅट." सूनबाईंचा चेहरा असा झाला, की मला वाटलं घरात दूध नासलं.

त्याच संध्याकाळी ठरलं. दोन्ही मुलांना इंग्लिश मीडियम, आणि त्यासाठी नारायणगाव.

मुलाचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान नारायणगावातच आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "हं." माझा मुलगा एवढंच बोलतो. त्याला तसं मीच केलं, ते पुढे सांगते. आमचे हे मात्र यायला तयार झाले नाहीत. बेल्ह्याच्या बाजारातून आणलेले दोन बैल गोठ्यात होते. मी म्हटलं, "बैल का बायको, एकदाच सांगून टाका." त्यांनी विचार करायला वेळ मागितला. मी माझी ट्रंक उचलली आणि टेम्पोत मुलांशेजारी बसले.

घरमालक मारवाडी जैन, खाली त्यांचं किराणाचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर आम्ही. शेठाणी माझ्याच वयाच्या आणि मराठी माझ्यापेक्षा फर्डं. पहिल्याच दिवशी जिन्यात गाठून त्यांनी अट घातली, "घरात सुकट भाजायची नाही हं, ताई." मी म्हटलं, "छे, छे." आणि ट्रंकेतली सुकट त्याच टेम्पोने परत येडगावला पाठवली, बैलांच्या मालकाला.

मग शाळेत प्रवेश. हेडमॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, की मराठी शाळेतून आलेली मुलं आम्ही एक वर्ष मागे घेतो, अगदीच चुणचुणीत असतील तर गोष्ट वेगळी. नातू चौथीत जाणारा. तो मोबाईलवरच्या व्हिडिओंतलं इंग्रजी घडाघडा बोलला. "सबस्क्राइब, प्रेस द बेल आयकॉन" इथपर्यंत बोलला. अर्थाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तोंड उघडलं म्हणून तो चौथीत पास. नात पाचवीत जाणारी. तिला नाव विचारलं. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. गाव विचारलं, पेपरवेट. आवडता रंग विचारला, तरी पेपरवेटच.

हीच पोरगी येडगावात धरणाच्या भिंतीवरून हाक मारायची तर पलीकडच्या काठावरच्या शेळ्या वळायच्या.

मुलाने दोन वेळा "मॅडम, प्लीज" म्हटलं. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं भाषण. शेवटी हेडमॅडम म्हणाल्या, दिवाळीपर्यंत पाचवीत बसवू. दिवाळीआधी तोंडी परीक्षा असते. त्यात बोलली तर पाचवी, नाहीतर चौथी.

आता चौथीची तुकडी एकच, आणि त्या तुकडीत धाकटा भाऊ. बाहेर पडल्या पडल्या नातवाने बहिणीला सांगितलं, "तू आली की माझ्या बाकावर कडंला बस. मला खिडकी लागते."

नात घरी येऊन मला म्हणाली, "आज्जे, मी त्याच्या वर्गात बसणार न्हाई. मी आबाकडं जाईन, शेण काढीन, पण त्याच्या वर्गात न्हाई."

"मग बोल ना वर्गात."

"तिथं बोलायला गेलं की माझ्या जिभंला लकवा व्हतो."

"का गं?"

"मी 'व्हतं' म्हणलं की मागच्या बाकावरल्या पोरी 'व्हतं व्हतं' करतात. अन् इंग्लिश मला येत न्हाई. मग काय बोलू? हिंदीत बोलू? टीव्हीवानी?"

यावर मी तिला धीर द्यायला हवा होता. पण मला एकदम माझी मीच आठवले, आणि हसायलाच आलं.

माझं माहेर लोणी गाव. त्या काळी आमच्या भागात मॅट्रिक झालेली मुलगी म्हणजे जत्रेतलं दोन तोंडांचं वासरू. लोक मुद्दाम बघायला यायचे. त्यात मी वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवलेली. ती ढाल मी सासरी बरोबर आणली. इतर मुली हंडा-कळशी आणतात. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मी खाकरले, पदर सारखा केला, आणि "अध्यक्षमहाशय" म्हणता म्हणता राहिले. पुढचा उखाणा इतका लांब होता की त्यात विज्ञान आलं, स्त्रीशिक्षण आलं, कुकडीचा कालवा आला, आणि यांचं नाव येईपर्यंत पंगतीतला भात संपला. माझ्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय, फक्त बटण सापडत न्हाई बंद करायचं."

मी मागे हटणाऱ्यांतली नव्हते. सासूबाई "व्हतं" म्हणाल्या की मी "होतं" म्हणायची. त्या "न्हाई" म्हणाल्या की मी "नाही". चुलीपुढे पिठाने भरलेल्या हातांनी मी माझ्या सासूला भाषा शिकवत होते, आणि ती माऊली मला भाकरी शिकवायचा प्रयत्न करत होती. दोघींपैकी कुणालाच काही आलं नाही. बैलगाड्यांच्या शर्यतींना तर मी नाकाला रुमाल लावून एकदाच गेले. घाट म्हणजे आमच्याकडे गाडे पळवायचा चढ; एक गाडा पळाला आणि वर झेंडा पडला, की ती झाली एक बारी. घाटाच्या माचाणावर माइक घेऊन एक जण ओरडत असतो, कुणाची बारी, कुठलं गाव, कोण पुढे, कोण मागे. मला ते इतकं अडाणी वाटलं की घरी येऊन मी डोक्याला बाम लावून पडले. हे म्हणाले, "का गं, ऊन लागलं?" मी म्हटलं, "उच्चार."

मग मुलगा झाला. तो उभं राहायला लागला तसं मी त्याला भाषण शिकवलं. चौथीत असताना पंधरा ऑगस्टला तो स्टेजवर चढला, शेवटचं "जय हिंद" आधी म्हणाला, पुढचं सगळं विसरला आणि रडत खाली आला. तेव्हापासून "हं".

तर अशी मी. आणि आता माझ्या घरात सूनबाई इंग्रजीसाठी तेच करत होत्या. मी कोणत्या तोंडाने त्यांना बोलणार?

सूनबाईंनी नातीला क्लास लावले. सोमवारी ॲबॅकस, मंगळवारी कराटे, बुधवारी इंग्लिश स्पीकिंग, शनिवारी दोघा भावंडांना स्केटिंग. पोरगी दप्तर टाकायची, दुसरी पिशवी उचलायची. मी एकदा म्हटलं, "अगं, बैलालासुद्धा दुपारी सोडतात."

सूनबाई म्हणाल्या, "आई, स्पर्धा किती आहे, तुम्हाला नाही कळायचं."

स्पर्धा! मला! ढाल अजून माझ्या ट्रंकेत आहे. 

स्केटिंगचा क्लास एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये भरायचा. मुलांना पोचवायचं काम माझ्याकडे. नातू चाकांवर सुटला की कशाला तरी धडकेपर्यंत थांबायचा नाही. नात मात्र बूट घालून पायरीवर बसून राहायची. मी शेजारी शेंगा सोलत बसायचे. एका शनिवारी मला बारीक आवाज ऐकू आला.

"...हां, सुटली, सुटली बारी, लाल टोपी पुढं, निळी टोपी मागं, आरं सांभाळ, सांभाळ, निळी टोपी कडंला गेली, लाल टोपीनं उचलली रं, काय पळतीय, काय पळतीय, पावणं, डोळ्यात तेल घालून बघा... पडली. मालकानं पोरगं उचलून न्यावं, फुडल्या बारीला वाट मोकळी करावी."

नात ओठ न हलवता बोलत होती. अगदी घाटावरच्या माइकवाल्यासारखी, तोच ठेका, तोच श्वास. शेजारी दुसऱ्या कुणाचे तरी आजोबा बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला, कान पुढे केला आणि "भलं शाब्बास!" म्हणून मांडी बडवली. नात लगेच गप्प.

हे यांचं काम. कोर्टाच्या बंदीने शर्यती बंद होत्या त्या वर्षांत हे रिकाम्या घाटावर जाऊन बसायचे आणि मला वाटायचं, देवळात जातात. शर्यती सुरू झाल्या तशी नातीला खांद्यावर बसवून न्यायला लागले. मी डोक्याला बाम लावून घरी.

दिवाळी जवळ आली. शाळेतून निरोप आला की तोंडीचा विषय "माय व्हिलेज", संस्थाचालक स्वतः येणार, पालकांनीही यावं. बुधवारच्या क्लासवाल्या मुलीने दहा ओळी लिहून दिल्या. नातीच्या त्या पाठ झाल्या. गॅससमोर उभी राहून पुटपुटायची, एक शब्द चुकायचा नाही. "मोठ्याने म्हण" म्हटलं की पेपरवेट.

मग मी पदर खोचला. ढालवाली मी. मी तिला उभं केलं आणि हातवारे शिकवायला घेतले. "'माय' म्हटलं की हात छातीवर. 'व्हिलेज' म्हटलं की हात असा दूर, क्षितिजाकडे. मान थोडी तिरपी. डोळ्यात ओलावा."

"आज्जे, मी काय चौकातला पोलीस हाय?"

"वक्तृत्व आहे ते!"

"मम्मी, आज्जीला बघ ना काय व्हतंय."

सूनबाई आल्या, मी एक हात छातीवर, एक हात पंख्याकडे करून उभी. त्या तशाच परत गेल्या. हसल्या असाव्यात, कारण आत भांडी पडल्याचा आवाज आला.

रविवारी हे आले, वांगी आणि दुधाची किटली घेऊन. मी त्यांना गच्चीवर नेलं आणि म्हटलं, "अहो, पोरगी शाळेत तोंड उघडत नाही. तिला घाटावरच्यासारखं बोलू द्या. तेवढंच तिला जमतंय." हे सांगताना माझ्या तोंडाला कसंसंच झालं, पण सांगून टाकलं.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच बोलणारा बैल आहे. "तू म्हणतीयास हे?"

"मीच."

"पन घाटाची चेष्टा मला चालायची न्हाई. बारी लावायची तर रीतीनं लावा. आधी मालकाचं नाव घ्यायचं. मग गाव. मग देणगीदार. मग बैल. त्याबिगर गाडा सुटत न्हाई."

मागोमाग वर आलेली नात म्हणाली, "आबा, शाळंत मालक कोण?"

"सगळ्यात मोठ्या खुर्चीवर जो बसंल त्यो."

"अन् देणगीदार?"

"ज्यानं काय तरी दिलं त्यो."

तासभर गच्चीवर तालीम झाली. पाण्याची टाकी म्हणजे माचाण, कपड्याचा चिमटा म्हणजे माइक. पहिल्यांदाच त्या दहा इंग्रजी ओळी तिच्या तोंडातून बाहेर पडल्या, आणि अशा पडल्या की खालून शेठाणींचा आवाज आला, "ताई, वर बैल आणले का हो?"

"नाही हो, इंग्लिश चाललंय!"

"मग ठीक आहे. आम्हाला वाटलं, बैल."

सूनबाईंना यातलं काही सांगितलं नाही. त्या बिचाऱ्या आधीच घाबरलेल्या होत्या, रोज रात्री नवऱ्याला विचारायच्या, "चौथीत टाकलं तर लोक काय म्हणतील?" आणि तो म्हणायचा, "हं."

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या बाकांवर बसलो. बाक पाचवीच्या मापाचे. मी आत शिरले ती कशी निघणार, ही एक वेगळीच काळजी. पुढे टेबल. पाचवी 'ब'च्या मॅडमनी संस्थाचालकांना मोठी खुर्ची दिली, पण ते जुन्या वळणाचे गृहस्थ, पांढरी टोपी, "बाईंना बसू द्या" म्हणून स्वतः प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. मोठ्या खुर्चीवर हेडमॅडम. ते बघितलं तेव्हाच मला घाम फुटायला हवा होता.

मुलं एकेक येऊन बोलून गेली. सगळ्यांची गावं ब्यूटिफुल होती, सगळ्यांच्या गावात रिव्हर होती. मग नातीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, फळ्यापाशी गेली, आणि पेपरवेटकडे बघायला लागली. तिथेही पेपरवेट होता.

सूनबाईंनी माझा हात धरला. 

हेडमॅडम म्हणाल्या, "स्टार्ट, बेटा." काही नाही. मागच्या बाकावरून एक पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "व्हतं व्हतं." दोघी-तिघी फिसकन हसल्या.

नातीने डोळे मिटले आणि उजव्या हाताची मूठ तोंडापाशी धरली.

"लक्ष द्या, लक्ष द्याऽऽ! पावणं, वाट मोकळी करा! आता बारी लावली जात हाय. मोठ्या खुर्चीवर बसल्याल्या आपल्या शाळंच्या मालकीणबाई, हेडमॅडम, यांच्या नावानं!"

स्टुलावरचे खरे मालक खोकले.

"तशेच आजचे देणगीदार, आमच्या वर्गाच्या मॅडम, ज्यांनी आपल्याला रोजच्या रोज होमवर्क दिलेला हाय! त्यांचं मंडळ आभारी हाय! हां... सुटलीऽऽ! माय व्हिलेज इज येडगाऽऽव! येडगाव हॅज वन डॅम! डॅम हॅज मेनी वॉटर! माय ग्रँडफादर हॅज टू बुल! वन बुल इज व्हाइट, वन बुल इज अँग्री! ही रन, ही रन, ही रन..."

दहा ओळींत बैल नव्हते. ते तिने आयत्या वेळी घातले.

आता या वर्गातली निम्मी पोरं ओतूर, आळे, वडगावकडची. घराघरात गाडा. टाय लावला म्हणून रक्त थोडंच बदलतं? "ही रन" ऐकलं आणि पहिल्या बाकावरच्याने रुमाल वर भिरकावला. मग टोप्या, मग कंपासपेटी. "भिर्रर्रर्र!" सगळा वर्ग उभा. "व्हतं व्हतं"वाली पोरगी बाकावर चढून सगळ्यात जोरात. संस्थाचालकांचा हात आपोआप खांद्याकडे गेला, उपरणं शोधायला. मग त्यांना आठवलं आपण कुठे आहोत, आणि त्यांनी तो हात मानेवरून फिरवून खाली घेतला.

पाचवी आणि चौथीच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. पलीकडे चौथीची लेखी चालली होती. आधी पार्टिशन हललं, मग पलीकडूनही "भिर्रर्र" आलं, आणि मग अख्खी चौथी पेपर टाकून दारात. पुढे माझा नातू, तोंडात पेन्सिल. "माझी दीदी हाय ती!" असं तो सगळ्यांना सांगत होता. मागे चौथीच्या बाई, केस विस्कटलेले, एका हातात गोळा केलेले पेपर.

"...अँड फ्लॅग फॉल! थँक्यू!" नात म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

सूनबाईंनी ओढणीने सगळं तोंड झाकून घेतलं होतं. फक्त खांदे हलत होते. मला कळेना, रडतायत का काय.

वर्ग शांत व्हायला बराच वेळ गेला. मुलांना बाहेर काढलं, आणि आम्हाला टेबलापाशी बोलावलं. मी बाकातून कशी निघाले ते लिहीत नाही. नात माझ्या पाठीमागे पदर धरून उभी.

हेडमॅडम लाल झाल्या होत्या, पण आवाज सरळ होता. "बोलते, हे दिसलं. पण 'मेनी वॉटर'? 'टू बुल'? हिचा पाया कच्चा आहे. मला वाटतं, चौथीत बसवलं तर हिचंच भलं होईल."

पदर एकदम घट्ट ओढला गेला. माझी ढाल, माझं मॅट्रिक, माझा तो लांबलचक उखाणा, सगळं असून मला एक शब्द सुचेना. मुलगा असता तर निदान "हं" म्हणाला असता.

बोलल्या त्या सूनबाई. ओढणी खाली घेतली, डोळे ओले, नाक लाल. "मॅडम, आमी घरी शिकवू. वॉटर, बुल, सगळं. पन तिला मागं नका घेऊ. ती एवढ्या दिवसांनी बोलली हो." इतके महिने घासून गुळगुळीत केलेल्या बोलण्यातून त्यांचं "आमी" आणि "पन" अलगद बाहेर आलं होतं. त्यांना ते कळलंही नाही.

हेडमॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून चौथीच्या बाईंनी हात जोडले. खरोखर जोडले, पेपरांसकट. "मॅडम, एक ऐका. हिचा भाऊ माझ्या वर्गात आहे. त्याच्या एकट्याने मी अर्धी झाले. ही पण दिली तर पाया हिचा पक्का होईल, पण मी राहणार नाही. तुम्ही हिला पाचवीत ठेवा, सहावीत ठेवा, ऑफिसात ठेवा. चौथीत नको."

संस्थाचालक स्टुलावरून उठले. हेडमॅडमकडे बघून अगदी नम्रपणे म्हणाले, "शाळेच्या मालकीण तुम्ही आहात, तुमचा निर्णय. पण क्रीडा महोत्सवाला आपल्याकडं माइकवर बोलणारं कुणी न्हाई, एवढं लक्षात असू द्या."

हेडमॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाचवी," त्या म्हणाल्या. "आणि आवाज कमी."

आम्ही तिघी बाहेर आलो. चालत बसस्टँडपर्यंत गेलो. मग सूनबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आई, हे तुमचंच ना?"

"यांचं," मी म्हटलं. "मी फक्त चिमटा दिला."

त्या थांबल्या, फुटपाथवरच वाकल्या, आणि पोट धरून हसायला लागल्या. "होमवर्क दिलेला हाय!" एवढंच त्यांना परत परत म्हणता येत होतं. लोक बघायला लागले. बघू देत, म्हटलं.

नात तोवर वडापावच्या गाडीपुढे जाऊन उभी होती. गेले कित्येक महिने ती या गाडीपाशी आईचा ड्रेस ओढायची आणि बोटाने दाखवायची. आज तिने पाय फाकवले, मूठ तोंडाशी धरली.

"भाऊऽऽ! तीन वडापाव! एकात चटणी जास्तऽऽ!"

गाडीवाल्याच्या हातातला झारा कढईत पडला. "अगं बाय," तो म्हणाला, "मी हितंच उभा हाय. येडगावला न्हाई."